अपडेट बंद करण्याचा हक्क

पुणे-सातारा रस्त्यालगत कामथडीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भोरच्या तहसीलसाठी अर्ज, लग्नपत्रिका, शाळेचे फॉर्म, सगळं एकाच संगणकावर. विंडोज एक्सपीच्या काळात कंट्रोल पॅनलमध्ये अपडेट सरळ बंद करता यायचं. नेट महाग आणि संथ, म्हणून आम्ही ते बंदच ठेवायचो. आपोआप येणारं अपडेट २००० सालच्या विंडोज एमईपासूनचं. २०१५च्या विंडोज १०च्या होम आवृत्तीत ते कायमचं बंद करायची सोयच उरली नाही. मग नेटजोडणी 'मीटर्ड' ठरवायची, म्हणजे बहुतेक डाउनलोड थांबतात.

२०१७ने मला विचार करायला लावलं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच विंडोजमधली एक फट बुजवली होती. ज्यांनी ते अपडेट घेतलं नव्हतं, त्यांच्या संगणकांत १२ मेला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस घुसला. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हा पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! आत शिरल्यावर मात्र त्याने तीच न बुजवलेली फटही वापरली.

तरी अपडेट कधी थांबवायचं हे मालकानेच ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाइकाचा अर्ज अर्धा असताना संगणक स्वतःहून बंद पडता कामा नये. सुरक्षेची अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. बुधवारी दुकान मिटल्यावर फायली पेनड्राइव्हवर उतरवून मी ती स्वतः चढवतो.