घरचे तूप, बेकरीची आच: नानकटाईचा इतिहास

मैदा, तूप आणि पिठीसाखर या तीन जिन्नसांवर नानकटाई उभी असते. तिच्यात अंडे नसते आणि पीठ भिजवायला पाणीही लागत नाही. तुपावरच गोळा वळला जातो. विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि बाजारपेठेच्या गावांत ती दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी होऊ लागली. पीठ घरी मळायचे आणि भाजायला बेकरीत न्यायचे, ही तिची रीत होती. लाडू, करंजी, चकली हे फराळाचे इतर पदार्थ चुलीवर किंवा शेगडीवर होत. चारही बाजूंनी सारखी आच देणारी भट्टी मात्र मराठी स्वयंपाकघरात नव्हती.

नानकटाईचा उगम बहुधा सुरतेला जोडला जातो. डचांनी तेथे १६१६ मध्ये वखार घातली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते निघून गेले. जाताना त्यांनी आपली भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी माणसाच्या हवाली केली, अशी हकीकत सुरतेत सांगतात. ताडी घालून फुगवलेला पाव स्थानिक लोक घेईनात, तेव्हा ताडी आणि अंडी वगळून तुपातली बिस्किटे भाजण्यात आली, असे या हकीकतीत पुढे येते. दोतीवाला घराणे आपल्या बेकरीची स्थापना १८६१ची मानते. मात्र अशा तुपाळ, ठिसूळ बिस्किटांची घराणी इराण आणि अफगाणिस्तानातही आहेत, आणि जुन्या दिल्लीत नानकटाई हातगाडीवर निखाऱ्यांच्या आचेने भाजून विकली जाते. त्यामुळे सुरत हे एकमेव जन्मस्थान म्हणण्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावरचे तिचे मुख्य केंद्र म्हणणे योग्य. तेथून ती गुजराती आणि पारशी वस्तीबरोबर मुंबईत आली.

मुंबई आणि पुण्यात भट्टीचा धंदा गोव्याचे ख्रिस्ती, मुसलमान आणि पुढे इराणी लोकांच्या हाती होता. त्यांच्या हातचे खाणे हा एकोणिसाव्या शतकातल्या सवर्ण हिंदू घरांत धर्माचा प्रश्न होता. मुंबईत १८४९ मध्ये निघालेल्या परमहंस सभेत जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाल्ला जाई, आणि सभेचे कामकाज गुप्त ठेवले जाई. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापवली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांची नावे होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत पोचले. एका बिस्किटाने एवढे वादळ उठवले, कारण ते परक्या हातचे होते.

नानकटाई घराघरांत का रुजली, हे या पार्श्वभूमीवर नीट कळते. तिच्यात तूप घरचे, साखर घरी दळलेली, पीठ घरच्या परातीत मळलेले. बेकरीकडून घ्यायची ती फक्त आच. दुसऱ्याच्या हातचे खायला कचरणाऱ्या घरालाही एवढी देवघेव चालण्यासारखी होती. बाजारच्या बिस्किटापर्यंत पोचण्याआधी अनेक मराठी कुटुंबांची बेकरीशी ओळख अशा रीतीने झाली. बंधन एका दिवसात तुटले नाही, पण डबा घेऊन बेकरीच्या दारात उभे राहण्याची सवय लागली, आणि पुढच्या पिढीला तेथला पाव आणि खारी घरी आणताना संकोच उरला नाही.

या रिवाजामागे भट्टीचे गणितही होते. जुनी भट्टी म्हणजे विटांची घुमटाकार पोकळी. तिच्यात लाकडे पेटवून विटा तापवतात, मग निखारे बाजूला सारून लांब दांड्याच्या फळीने माल आत सरकवतात. पहिल्या कडक आचेवर पाव भाजला जातो. पाव निघाल्यावर विटा हळूहळू निवत जातात, आणि त्या उतरत्या आचेवर बिस्किटे आणि नानकटाई भाजतात. तुपासाखरेचा जिन्नस कडक आचेला वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, म्हणून त्याला हीच मंद आच मानवते. बेकरीवाल्याला पाव काढल्यानंतरची उष्णता एरवी वाया जाणारी. तीच तो वजनावर किंवा ट्रेच्या हिशेबाने मजुरी घेऊन गिऱ्हाइकांना देई.

घरचे काम तूप फेसण्यापासून सुरू होई. साधारण वाटीभर थिजलेले तूप आणि वाटीभर पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने घोटायचे. मिश्रण पांढरे आणि हलके झाले की त्यात दोन वाट्या मैदा, थोडे बेसन किंवा रवा, चिमूटभर सोडा, चमचाभर दही, वेलची आणि जायफळ. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. दह्यातल्या आम्लाशी सोड्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गोळा फुलतो. तुपाचे आवरण बसल्याने मैद्याला पाणी मिळत नाही, त्यामुळे चिवटपणा येत नाही. बेसनाने खमंगपणा येतो, रव्याने खुसखुशीतपणा. तूप पातळ असेल तर हवा धरली जात नाही आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरून चपटी होते. उन्हाळ्यात म्हणूनच परात गार पाण्यावर ठेवून तूप फेसत.

आकार देणे हे मुलांचे काम होते. सुपारीपेक्षा मोठे गोळे वळायचे, तळहातावर किंचित दाबायचे आणि मध्ये चारोळी, बेदाणा किंवा पिस्त्याचा काप रोवायचा. कोणी अंगठ्याने खळगा पाडी, कोणी नव्या कंगव्याने रेघा ओढी, कोणी बाटलीच्या झाकणाने चांदणी उमटवी. बेकरीत काळपट पत्र्याचे ट्रे मिळत. त्यांत गोळे अंतर ठेवून मांडायचे आणि प्रत्येक ट्रेवर आडनावाची चिठ्ठी लावायची. सणाच्या आधी गर्दी झाली की ट्रेंची अदलाबदल होऊ नये म्हणून गोळ्यांवरच्या या खुणाही उपयोगी पडत. भट्टीतून निघालेली नानकटाई मऊ असते. हात लावला तर मोडते. पूर्ण निवल्यावरच ती डब्यात भरायची, हा नियम मुलांनाही पाठ असे.

कोकण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत अशीच परंपरा नाताळाशी जोडलेली आहे. गोव्यात ओले खोबरे आणि रवा यांची बोलिन्हा भाजतात आणि भाजण्याआधी काट्याने वर आडव्या-उभ्या रेघा काढतात. गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत कुलकुल करतात. काट्याच्या किंवा कंगव्याच्या दात्यांवर पिठाची गोळी दाबून ती गुंडाळली की शंखासारखा वळसा पडतो. कुलकुल तळतात, भाजत नाहीत. पण सारे घर एकत्र बसून आकार वळण्याची रीत तीच आहे.

घटक आणि साधने पुढे बदलत गेली. १९३७ मध्ये डालडा बाजारात आले. हे वनस्पती तूप साजूक तुपापेक्षा स्वस्त होते आणि उकाड्यातही घट्ट राही, म्हणून नानकटाईत त्याचा सर्रास वापर सुरू झाला. जवळ बेकरी नसलेल्या घरांत जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून भाजण्याची युक्ती होती. पुढे काचेची खिडकी असलेले गोल ॲल्युमिनियमचे विजेचे ओव्हन आले आणि बेकरीची फेरी टळली. त्याच काळात कारखान्याची बिस्किटे रोजच्या चहाबरोबर आली. पार्लेने विलेपार्ल्यात १९३९ मध्ये बिस्किटे बनवायला सुरुवात केली होती. पुण्यात १९५५ मध्ये सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटे परगावी न्यायची भेट ठरली. विकत मिळणारी गोष्ट घरी करण्याची गरज उरली नाही.

आता प्रश्न भट्टीचाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवाप्रदूषणाच्या प्रकरणात शहरातल्या लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शहराच्या श्वासासाठी हा बदल आवश्यक आहे. वीज किंवा गॅसच्या ओव्हनमध्ये हवे तेव्हा मंद आच मिळते, त्यामुळे पावानंतरच्या उतरत्या आचेची वाट पाहावी लागत नाही. घरच्या परातीत मात्र नानकटाई टिकून आहे. मैद्याच्या जागी कणीक किंवा नाचणीचे पीठ आणि साखरेच्या जागी गूळ घालून ती केली जाते. नाचणीत मैद्यासारखा चिकटपणा नसल्याने गोळ्याचा लवकर भुगा होतो, म्हणून तिच्यात थोडी कणीक मिसळतात. जिन्नस आणि आच दोन्ही बदलले, तरी तूप पांढरे होईपर्यंत फेसण्याला अजून पर्याय सापडलेला नाही.