कोश आणि पहिलीचा वर्ग

म्हापशाजवळच्या आसगावात ८ मे १८५५ रोजी सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांचा जन्म झाला. रायतूरच्या सेमिनारीत शिकून ते पाद्री झाले, रोमला जाऊन डॉक्टरेट मिळवून आले, श्रीलंका, बंगाल, होनावर अशा ठिकाणी त्यांनी चर्चचे काम केले आणि आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे लिस्बनमध्ये काढली. तिथे १९०७ पासून ते संस्कृत शिकवत. या सगळ्या धावपळीत आईकडून मिळालेली कोंकणी त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी राहिली. १८९३ मध्ये त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश मुंबईत छापला गेला, १९०५ मध्ये पोर्तुगीज-कोंकणी कोश लिस्बनमध्ये आला आणि १९२२ मध्ये, म्हणजे ते वारले त्याच वर्षी, कोंकणी म्हणींचा संग्रह. एका माणसाच्या हातून झालेले हे काम थक्क करणारे आहे. तरीही गोव्यातल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा प्राथमिक वर्गात मोठ्या प्रमाणावर पोहोचायला पहिल्या कोशानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. या अंतराचे कारण शोधले तर एक गोष्ट पटते. अभ्यासाने भाषेला प्रतिष्ठा मिळते, पण त्या भाषेच्या मुलाला शाळेत जागा मिळायची तर शिक्षक, पाठ्यपुस्तक आणि सरकारी पैसा हे तिन्ही एकाच वेळी त्याच्या बाजूने उभे राहावे लागतात.

गोव्यात हे अंतर दाल्गाद यांच्याही आधीपासून दिसते. थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. भारतीय भाषेच्या पहिल्यावहिल्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते. पण ते परदेशी पाद्र्यांना लोकांची भाषा यावी म्हणून होते; लोकांच्या मुलांना लिहावाचायला यावे हा त्यामागचा हेतू नव्हता. त्यामुळे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले, तेव्हा त्या व्याकरणाचा कोंकणीला काहीच आधार झाला नाही. पुढे कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १८५७ मध्ये ते व्याकरण पुन्हा छापले आणि १८५८ मध्ये कोंकणीचा इतिहास लिहून तिच्या दुरवस्थेबद्दल आपल्याच राज्यकर्त्यांना दोष दिला. गोव्याच्या तरुणांनी आपली भाषा जोपासावी, असा त्याचा आग्रह होता. तो सरकारचा सचिव होता, तरी सरकारी शाळा पोर्तुगीजच्याच राहिल्या.

या पार्श्वभूमीवर दाल्गाद यांनी घेतलेला एक निर्णय महत्त्वाचा ठरतो. ख्रिस्ती गोवेकर कोंकणी लिहीत ते रोमी लिपीत. दाल्गाद यांनी मात्र १८९३ च्या कोशातले शब्द देवनागरीत दिले, रोमी लिप्यंतर सोबत ठेवले आणि व्युत्पत्ती सांगताना संस्कृतापर्यंत माग काढला. तो छापला गेला तोही मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात, म्हणजे मराठी सुधारकांच्या घरात. कोंकणीला स्वतंत्र भाषेचे स्थान द्यायला लोक तयार नसताना तिला शास्त्रीय अभ्यासाच्या पंक्तीत बसवणे हे धाडस होते. पुढे श्रीलंका, दमण, नागपट्टण इथल्या मिश्र पोर्तुगीज बोलींवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. ज्या लहान समाजांच्या बोलण्याला सगळे मोडकेतोडके म्हणत, त्यालाही नियम असतात हे त्यांनी दाखवून दिले. भाषेच्या अभ्यासकाने लहान समाजासाठी करायचे पहिले काम हेच असते, आणि ते त्यांनी पुरेपूर केले.

यावर कोणी म्हणेल, की दाल्गाद चर्चचे होते, लिहीत पोर्तुगीजमध्ये आणि राहत लिस्बनला. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मुलाशी त्यांचा काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. कोशातला अर्थ पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे तो वापरणारा माणूस आधीच शिकलेला असणार हे उघड होते. पण याचा दोष एकट्या दाल्गाद यांच्या माथी मारता येत नाही. कोशातून मुलांचे पुस्तक तयार करणे हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो. तो माणूस डिचोलीतच जन्मला. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकार, म्हणजे शणै गोंयबाब, यांचा जन्म १८७७ चा. मुंबईत राहून त्यांनी कोंकणीत गोष्टी, नाटके, व्याकरण लिहिले आणि मुलांसाठी ‘भुरग्यांलो इश्ट’ हे पुस्तकही काढले. एकाने भाषेचा पाया दाखवला, दुसऱ्याने मुलाच्या हातात पुस्तक दिले. दोघांपैकी कुणालाही शाळा आणि अनुदान देता आले नाही, कारण ते त्यांच्या हातात नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्या मराठी वाचकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी. तिथल्या हिंदू मुलांना अक्षरओळख झाली ती मराठीतून. देवळाच्या किंवा घराच्या ओसरीवर शेणैमाम शिकवत, आणि पोर्तुगीज राजवटीने ज्यांच्याकडे पाठ फिरवली त्या घरांत ज्ञानेश्वरी व हिशेब या दोन्ही गोष्टी मराठीने नेल्या. मुक्तीनंतर मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या, त्याही प्रामुख्याने मराठीच्या. मग कोंकणीच्या शाळेची गरज काय होती? खरे तर हा आक्षेप वरच्या मांडणीला पुष्टीच देतो. मराठी शाळा टिकली, कारण तिच्यामागे शिकवणारा माणूस होता, मुंबईहून येणारी पुस्तके होती आणि पुढे सरकारचा पैसाही होता. हे सगळे मिळाल्यावर एक भाषा डोंगरकपारीतल्या मुलापर्यंत पोहोचते, याचा पुरावा म्हणजेच पेडणे-डिचोलीतली मराठी शाळा. या कामाचा अभिमान बाळगावाच. पण घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला तीच सोय देण्याच्या आड तो अभिमान येऊ नये.

१९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ च्या राजभाषा कायद्याने तिला राजभाषा केले, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. पण मुलाच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते १९९० साल. प्राथमिक शाळेला अनुदान हवे तर माध्यम मराठी किंवा कोंकणी हवे, असे सरकारने ठरवले आणि चर्चसंस्थांच्या अनेक इंग्रजी शाळा कोंकणीकडे वळल्या. दाल्गाद यांनी देवनागरी निवडल्याला तोवर ९७ वर्षे झाली होती. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले झाले आणि वारे फिरले. पालकांना इंग्रजी हवी, हा तिसरा आक्षेप इथे येतो. पालकांची इच्छा रास्तच आहे. मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत घरच्या भाषेतून वाचायला शिकणे आणि पुढे इंग्रजी उत्तम येणे यांत विरोध नाही. १९५६ मध्ये घटनेत आलेले ३५० क कलम आणि शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम मातृभाषेतून आरंभीच्या शिक्षणाचा आग्रह धरतात, ते याच समजुतीने.

हे दुखणे एकट्या गोव्याचे नाही. युरोपातल्या रोमा लोकांची रोमानी ही संस्कृतच्या कुळातली भाषा. जर्मन पंडित पॉट यांनी तिच्यावर १८४४-४५ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. चेक देशातल्या प्रागमध्ये मिलेना ह्युब्श्मानोव्हा या मूळच्या हिंदी-उर्दू-बंगालीच्या अभ्यासक. त्यांनी रोमा वस्त्यांतून गोष्टी गोळा केल्या, कोशाचे काम केले आणि १९९१ मध्ये चार्ल्स विद्यापीठात रोमानीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच देशातल्या ऑस्ट्राव्हा शहरात मात्र रोमा मुलांना मतिमंदांसाठी असलेल्या विशेष शाळांत पाठवले जात होते. न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार तिथल्या निम्म्याहून अधिक रोमा मुलांच्या वाट्याला हेच आले होते. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. विद्यापीठात भाषेचा मान आणि वर्गात मुलाचा अपमान एकाच देशात एकाच काळी नांदू शकतात.

म्हापशात आज उत्तर कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले शिकतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी लमाणी. त्यांच्यासाठी कोंकणी आणि मराठी दोन्ही परक्या. कालपर्यंत ज्या भाषांनी शाळेत जागा मागितली, त्यांच्यावर आता जागा देण्याची जबाबदारी आली आहे. लमाणी मुलाशी पहिले वर्षभर त्याच्या बोलीत बोलू शकणारी एखादी मदतनीस, दोन भाषांतले एक चित्रांचे पुस्तक, शिक्षकांच्या प्रशिक्षणात या मुलांसाठी राखलेला थोडा वेळ, इतक्यानेही सुरुवात होते. आसगावच्या विद्वानाचे ऋण त्याच्या पुतळ्याने फिटणार नाही. पुढच्या मुलाला शंभर वर्षे वाट पाहावी लागू नये, अशी व्यवस्था उभी करणे हेच त्याच्या कामाचे पुढचे पाऊल आहे.