वारा, कोळसा आणि सातबारा

1943 साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह धरला. जळकोटला बसून मी तोच हिशेब मांडतो. 2017 साली सोलापूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्याच वर्षी पवनविजेचा लिलावातला दर फेब्रुवारीत युनिटला 3 रुपये 46 पैसे आणि डिसेंबरात, गुजरातेत, 2 रुपये 43 पैसे निघाला. कोळसा महागला की बिल वाढते. वाऱ्याला वाघिणी लागत नाहीत. वारा पडला की पाती थांबतात, तो खर्चही धरलाच पाहिजे. तरी वारा स्वस्त. पण पवनचक्कीच्या जागेचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आमची माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांतल्या कित्येकांच्या नातवांच्या नावे आजही गुंठाभर जमीन नाही.