खगोलशास्त्राचे जुने ग्रंथ आणि आपली जबाबदारी

— एक शिक्षक (बी.ए., बी.एड.), शिरढोण, ता. पनवेल

आमचे शिरढोण गाव सर्व महाराष्ट्राला माहीत आहे ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा येथे जन्म झाला. त्यांच्या घराची वास्तू स्मारक म्हणून जपली गेली, त्यामुळे शाळेतील मुलांना तेथे नेऊन इतिहास डोळ्यांनी दाखविता येतो. परंतु इतिहास केवळ वास्तूंत नसतो, तो ग्रंथांतही असतो, आणि ग्रंथ जपण्याच्या बाबतीत आपण सारेच फार उदासीन आहोत. हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. एका दोषाचा धनी मी स्वतः आहे, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

माझ्या आजोबांची एक सागवानी पेटी होती. आजोबा गेल्यानंतर ती माळ्यावर पडून राहिली. एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली. पेटीत जुन्या किताबा होत्या, आणि अक्षरे अरबी वळणाची होती. घरात ती भाषा वाचणारा कोणी उरला नव्हता. अक्षरे पाक आहेत, त्यांची बेअदबी होऊ नये, या भावनेने वडीलधाऱ्यांनी सर्व किताबा पांढऱ्या कापडात बांधल्या आणि भरतीच्या वेळी खाडीत थंड केल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. लहान गाठोडे माझ्याच हातात होते. पेटीच्या तळाशी चिकटलेले एक पान मात्र मागे राहिले. त्यावर तांबड्या शाईने आखलेले बारीक चौकोन होते. ते मला आवडले, म्हणून मी माझ्या वहीत ठेवले.

पुढे बी.एड.साठी मुंबईस असताना एका फारसी जाणणाऱ्या गृहस्थांना ते पान दाखविले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, ही धार्मिक किताब नव्हे. ही जंत्री आहे. चौकोनांत जी अक्षरे दिसतात ते आकडे आहेत. सूर्य कोणत्या बुर्जात किती अंशांवर आहे ते रोजचे लिहिले आहे.” ‘अबजद’ पद्धतीत अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, याप्रमाणे अक्षरांनाच अंकांची किंमत असते. “साल कोणते?” असे मी विचारले. ते म्हणाले, “पहिले पान असते तर सांगितले असते.” पहिले पान खाडीत गेले होते, आणि ते मी स्वतःच्या हाताने सोडले होते.

तो ग्रंथ फार मोलाचा होता असा माझा मुळीच दावा नाही. तो मोलाचा होता की नव्हता, हे आता कोणालाच कळणार नाही, एवढेच माझे दुःख आहे.

खगोलशास्त्राशी आपल्या समाजाचा संबंध जुना आणि रोजच्या व्यवहाराचा आहे. नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात. रमजान आणि ईद चांदावरून ठरतात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे रमजानचा महिना दर इंग्रजी वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. किब्ल्याची दिशाही गणिताने काढावी लागते. आपल्या कोकणपट्टीतून ती नेमकी पश्चिम नसून पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे आहे. या गरजांमुळे मोठ्या मशिदींतून वेळ ठरविणारा जाणकार नेमण्याची प्रथा पडली. त्याला ‘मुवक्कित’ म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीतील इब्न अल्-शातिर हा चौदाव्या शतकातील मुवक्कित ग्रहगणितात जगातील थोर नावांपैकी एक गणला जातो.

ही विद्या एकाच समाजाने निर्माण केली असे मात्र कोणी समजू नये. इ. स. ७७० च्या सुमारास बगदादला खलिफा अल्-मन्सूर याच्या दरबारात हिंदुस्थानातून एक सिद्धांतग्रंथ पोहोचला. त्याचे अरबीत रूपांतर होऊन ‘सिंदहिंद’ या नावाची परंपरा सुरू झाली. ग्रहांच्या कोष्टकांच्या ग्रंथांना अरबी-फारसीत ‘झीज’ म्हणतात. तीच विद्या वाढून पुढे हिंदुस्थानात परत आली. फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० साली अस्तुरलाब या यंत्रावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. जयपूरचा सवाई जयसिंग याने दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन व काशी येथे वेधशाळा बांधल्या आणि आपल्या फारसी कोष्टकांना बादशहाचे नाव देऊन ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ म्हटले. त्याच्याच पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. देण्याघेण्याचा हा व्यवहार शेकडो वर्षे चालला, आणि तो ग्रंथांच्याच आधारे चालला.

ग्रंथ टिकला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण समरकंदचे आहे. तैमूरचा नातू उलुगबेग याने तेथे मोठी वेधशाळा उभारली आणि १,०१८ ताऱ्यांची स्थाने नोंदवली. १४४९ साली त्याचा खून झाला. पुढे वेधशाळा जमीनदोस्त झाली आणि ती नेमकी कोठे होती याचाही लोकांना विसर पडला. १९०८ साली उत्खननात तिचा पाया सापडला. पण मधल्या साडेचारशे वर्षांत त्याचा झीज मात्र कोठेही हरवला नाही, कारण त्याच्या नकला गावोगावी झाल्या होत्या. १६६५ साली त्याची तारकासूची इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे छापून निघाली. दगडांची इमारत गेली आणि कागद राहिला, कारण कागद एकाच ठिकाणी नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला या शास्त्राचा फार मोठा वारसा आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. चौलचे बंदर अरब प्रवाशांना ‘सैमूर’ नावाने ठाऊक होते. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, प्रसिद्ध प्रवासी अल्-मसूदी तेथे आला आणि तेथील मुसलमान वस्तीचे वर्णन त्याने लिहून ठेवले. अरबी समुद्रातील खलाशी तेव्हा ताऱ्यांवर चालत. ‘कमाल’ नावाची लाकडी फळी व गाठी मारलेली दोरी यांच्या साहाय्याने ते ध्रुवाची उंची मोजत. मोजण्याचे माप होते ‘इस्बा’, म्हणजे बोट. आपल्यातील नाखवा आणि नाखुदा ही आडनावे उच्चारताना त्यामागे केवढे आकाशज्ञान उभे आहे, याची आपण आठवण ठेवावी.

चौलच्या दक्षिणेस, मुरूड-जंजिऱ्याजवळ नांदगाव आहे. तेथील गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ज्या-चापाचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, किचकट गणित टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोपी रीत त्यांनी दिली. त्यामुळे पुढील कित्येक पिढ्यांचे पंचांगकर्ते त्याच ग्रंथावर चालले. अलिबागजवळच्या नागावात केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. तरुणपणी ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला होते. पुढे १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध झाली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी.

तिसरे नाव माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे, कारण ते एका शाळामास्तराचे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड येथे जन्मले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. नोकरी सांभाळून त्यांनी शेकडो पोथ्या तपासल्या आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा प्रचंड ग्रंथ मराठीत लिहून काढला. पोथ्या कोणी जपल्या नसत्या तर हा ग्रंथ होऊ शकला नसता. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांचा कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ लंडनला निघाला. हिंदू तिथींप्रमाणेच हिजरी तारखांचे इसवी सनात रूपांतर करण्याची कोष्टकेही त्यात आहेत. कोकणातल्या एका मराठी शिक्षकाचा हिजरी तारखांच्या कामात असा हात लागला आहे! दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, ते वारले. आपल्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

ग्रंथसंग्रह कसे टिकतात, याचे मुंबईतील एक उदाहरण सांगतो. मुल्ला फिरोज हे पारशी धर्मगुरू. लहानपणीच वडिलांबरोबर इराणला जाऊन ते फारसी व अरबी शिकले. १८३० साली ते वारले. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात राहिली आणि पुढे मुंबईच्या के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेत आली. त्यांत खगोल आणि गणित यांवरील अरबी-फारसी हस्तलिखितेही आहेत. या संग्रहाची वर्णनात्मक सूची १८७३ साली एडवर्ड रेहात्सेक यांनी छापली. हे हंगेरीकडून आलेले विद्वान मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित व लॅटिन शिकवीत असत. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली. पहिल्या संग्रहाचा मालक पारशी, ग्रंथ अरबी-फारसी आणि सूचीकार युरोपियन. विद्येच्या घरात पाहुणा कोणीच नसतो.

जुन्या नोंदींचा आज काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या पनवेललाच मिळते. कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकसुई विचलित होणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत, १९०४ साली, हे काम अलिबागला नेण्यात आले. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी त्यांनी १९१० साली छापून काढल्या. आता गंमत पाहा. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर फार मोठे चुंबकीय वादळ झाले. ते किती मोठे होते? मुंबईत काही माणसे रात्रंदिवस उपकरणापाशी बसून आकडे लिहीत होती. त्या आकड्यांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी दाखविले की, मुंबईत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. हा अभ्यास करणाऱ्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञ होते. ही संस्था आज नवीन पनवेलला, आपल्या शिरढोणपासून थोड्याच अंतरावर आहे. असे वादळ पुन्हा आले तर कृत्रिम उपग्रह आणि वीजपुरवठा यांचे काय होईल, याचा अंदाज बांधताना आज हे जुने आकडे कामी येतात. ज्यांनी ते लिहिले त्यांना उपग्रह म्हणजे काय हे माहीत नव्हते. त्यांनी फक्त नीट लिहिले, आणि पुढच्यांनी ते टाकून दिले नाही.

आता पालकांना विनंती. आपल्या घरी जुनी पेटी, बासनात बांधलेल्या पोथ्या, किताबा, जंत्र्या, नाखव्यांच्या वह्या असतील तर वाचता येत नाही म्हणून त्या टाकू नका, आणि आदरापोटी एकदम थंडही करू नका. आधी जाणकाराला दाखवा. पाक ग्रंथांचा अदब राखलाच पाहिजे, पण कोणता कागद कसला आहे हे जाणून घेणे हाही अदबच आहे. किताबा दमट भिंतीला लावून ठेवू नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, स्वच्छ सुती कापडात बांधा, चिकटपट्टी लावू नका. विकण्याची घाई तर मुळीच करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एक काम करू शकता. एका वहीत आपल्या घरातील जुन्या ग्रंथांची यादी करा. नाव, भाषा, पाने किती, आणि शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव व साल असेल तर ते उतरवून घ्या. हिजरी सालावरून इसवी साल अंदाजे काढण्याची सोपी रीत आहे. हिजरी सालातून त्याचे शेकडा ३ वजा करा आणि ६२२ मिळवा. उदाहरणार्थ, १३०० मधून ३९ गेले, १२६१ उरले, त्यात ६२२ मिळविले की १८८३ येते. अशा वह्या आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात एकत्र झाल्या तर तीच आपल्या भागाची पहिली सूची होईल. त्यासाठी पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि ती दीक्षित मास्तरांजवळ होती तशी आपल्याजवळही असू शकते.

माझ्याजवळचे ते एकच पान मी काचेच्या चौकटीत न लावता दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवले आहे, कारण उन्हाने शाई उडते. दरवर्षी नववीच्या वर्गाला मी ते एकदा दाखवतो. मागल्या वर्षी एका मुलीने विचारले, “सर, बाकीची पाने कुठे आहेत?” मी तिला खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आपल्या नानीच्या ट्रंकेतील तीन किताबांची यादी करून घेऊन आली. अक्षर वेडेवाकडे होते, पण शेवटच्या रकान्यात साल लिहिलेले होते.

खुदा आपल्या सर्व मुलांना इल्मची गोडी देवो.