पडद्यावरचा जांभळा डाग आणि अजिंक्यताऱ्याचा कातळ

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा देशाने रंगांत पाहिल्या. सातारा-सांगलीच्या घरांत मात्र रंगीत संच सावकाश आला. आधी काळा-पांढरा, मग कुणा एकाकडे रंगीत, आणि मग रविवारी सकाळी त्या एकाच घरात सारी आळी. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झाल्यावर तर संचाला हार घालून उदबत्ती लावणारी घरेही होती. साताऱ्याच्या डोक्यावर, अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा उभा होता. छत्रपती शाहूंच्या राजधानीचा हा गड आता लोकांना अँटेना कोणीकडे फिरवायची ते सांगत होता.

याच काळात घराघरांत एक विचित्र तक्रार ऐकू येऊ लागली. चित्र स्पष्ट, आवाज स्वच्छ, पण पडद्याच्या एका कोपऱ्यात जांभळट किंवा हिरवट डाग. पात्र त्या कोपऱ्यात गेले की त्याचा चेहरा हिरवा, बाहेर आले की पूर्ववत. कारण बहुधा हाताशीच असे. संचाला टेकवून ठेवलेला टेपरेकॉर्डरचा मोठा स्पीकर, शेजारचा लोखंडी गाभ्याचा स्टॅबिलायझर, नाहीतर मोडक्या स्पीकरमधून काढलेले गोल लोहचुंबक आणि ते पडद्यावर फिरवून पाहणारे घरातले पोर.

पोराचा दोष फारसा नव्हता. काळ्या-पांढऱ्या संचावर हाच खेळ निर्धोक असे. चुंबक जवळ नेले की चित्र वाकडे होई, दूर नेले की सरळ. रंगीत संचावर चुंबक गेले तरी डाग मागे राही. मग घरात निदान होई: पिक्चर ट्यूब गेली. हे वाक्य त्या दिवसांत फार जड होते. संचातला सर्वांत महाग भाग तोच. तो बदलायचा म्हणजे नवा संच घेण्याच्या विचारापर्यंत गोष्ट जाई. खरे तर बहुतेक वेळा ट्यूब ठणठणीत असे.

डाग पडतो तो काचेवर नव्हे. रंगीत ट्यूबच्या आत, काचेमागे थोड्या अंतरावर, लाखो छिद्रे किंवा फटी असलेला पातळ पोलादी पत्रा बसवलेला असतो. जर्मनीत व्हेर्नर फ्लेक्सिग याने १९३८ मध्ये अशा जाळीच्या कल्पनेचे पेटंट नोंदवले. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९५० मध्ये ती चालवून दाखवली. ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत सुटतात. प्रत्येक झोत छिद्रातून वेगळ्या कोनाने शिरतो आणि आपापल्या ठिपक्यावर पडतो: तांबड्याचा तांबड्यावर, हिरव्याचा हिरव्यावर, निळ्याचा निळ्यावर. सगळी भिस्त त्या कोनावर. पत्र्याचा एखादा भाग चुंबकित झाला की झोत तिथे केसभर सरकतो, आणि केसभर सरकणे म्हणजे शेजारच्या रंगावर पडणे. काळ्या-पांढऱ्या संचात हा पत्राच नसतो. तिथे चुंबकाची आठवण ठेवणारे कुणी नाही.

ही आठवण पुसण्याच्या क्रियेला ‘डिगॉसिंग’ म्हणतात, आणि तो शब्द दूरचित्रवाणीच्या धंद्यातला नाही. तो युद्धातला आहे. १९३९ च्या अखेरीस जर्मनीने इंग्लंडच्या किनाऱ्यालगत चुंबकीय सुरुंग पेरले. वरून पोलादी जहाज गेले की त्याच्या चुंबकत्वाने सुरुंग फुटे. नोव्हेंबर १९३९ मध्ये थेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग हाती लागला आणि जॉन ऑव्ह्री या नौदल अधिकाऱ्याने तो निकामी केला. त्याची घडण कळल्यावर चार्ल्स गुडईव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जहाजांभोवती तारांची वेटोळी घालून त्यांचे चुंबकत्व मारण्याची पद्धत बसवली. तिला नाव दिले ते जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रिडरिश गाऊस याचे. चुंबकत्व मोजण्याचे एकक त्याच्याच नावाने होते. जर्मन सुरुंगांवर जर्मन नावाचा उतारा, हा योग गमतीचाच.

गाऊसचा धागा महाराष्ट्रातही येऊन पोहोचतो. १८३० च्या दशकात त्याने आणि वेबरने पृथ्वीचे चुंबकत्व ठिकठिकाणी एकाच वेळी मोजण्याची चळवळ उभारली. त्यातून जगभर जी केंद्रे उभी राहिली, त्यांच्या काळातच, १८४१ मध्ये, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. तिथे उमेदवारीच्या वयात काम करणारे एक मराठी गणिती म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या त्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलवण्यात आली. इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी चालू ठेवून मगच कुलाब्याच्या नोंदी थांबवल्या. शेजारच्या विजेने मोजमाप बिघडू नये म्हणून एवढी खबरदारी आणि टीव्हीला टेकवलेला स्पीकर, दोन्हींत प्रश्न एकच होता.

पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे, हे टीव्ही बनवणाऱ्यांनाही विसरता येत नसे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते; त्यामुळे सातारा-सांगलीला मोकळी टांगलेली चुंबकसूची जमिनीकडे २५ अंशांच्या आसपासच झुकते, तर उत्तर युरोपात ती जवळजवळ उभी राहते. म्हणून कारखान्यांत उत्तर गोलार्ध, दक्षिण गोलार्ध आणि विषुववृत्तालगतचे प्रदेश यांसाठी ट्यूबची जुळणी वेगवेगळी करीत. शिवाय संच उत्तरेकडे तोंड करून ठेवला होता तो पूर्वेकडे फिरवला, तरी कोपऱ्यात रंगाची छटा उमटू शके. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीची जागा बदलली आणि ‘रंग बिघडला’, ही तक्रार कल्पनेतली नव्हती.

या ठिकाणी डिगॉसिंगबद्दलचा एक समज दुरुस्त करायला हवा. त्या क्रियेने पत्रा पूर्ण चुंबकहीन होतो असे नाही. उलटसुलट धावणारा प्रवाह हळूहळू क्षीण होत जातो, तेव्हा पत्रा जुनी आठवण टाकतो आणि त्या क्षणी भोवती असलेल्या पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळते घेऊन स्थिरावतो. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळही असाच स्थिरावलेला आहे. तिथे काम प्रवाहाने नव्हे, उष्णतेने केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजांनी तत्कालीन चुंबकीय दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे दगड तपासले, तेव्हा ती दिशा आजच्या अक्षांशाशी जुळेना. हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असा त्याचा अर्थ निघाला. गडाच्या दगडाचे मात्र डिगॉसिंग कुणी केले नाही, म्हणून तो पुरावा शिल्लक राहिला.

आता मेकॅनिककडे. रंगीत संचात ट्यूबभोवती तारेचे एक वेटोळे असतेच. संच सुरू करताना ‘घूंऽऽ’ असा क्षणभर आवाज येई तो त्याचाच. त्याच्या जोडीला एक छोटा भाग असतो, पीटीसी थर्मिस्टर. थंड असताना तो भरपूर प्रवाह जाऊ देतो, तापला की अडवतो; त्यामुळे प्रवाह आपोआप उतरत जातो. यातली मेख अशी की संच चालू असेतो हा भाग गरमच राहतो. लाइट गेली, पाच मिनिटांत आली आणि संच लगेच लावला, तर डिगॉसिंग धड होतच नाही. भारनियमनाच्या वर्षांत किती घरांनी डाग पुसण्यासाठी दहा वेळा बटण खालीवर केले असेल! उपाय उलटा होता: अर्धा तास संच पूर्ण बंद ठेवायचा, स्पीकर व स्टॅबिलायझर हातभर दूर सारायचे आणि मग एकदाच लावायचा.

तेवढ्याने न भागले तर मेकॅनिक जुन्या संचातून काढलेले किंवा स्वतः गुंडाळलेले वेटोळे घेऊन येई. कौशल्य शेवटच्या अर्ध्या मिनिटात. वेटोळे चालू करून पडद्यासमोर गोल फिरवायचे, तसेच फिरवत हळूहळू दोन-तीन मीटर मागे यायचे, वेटोळे आडवे करायचे आणि मगच बटण बंद. पडद्याजवळ बंद केले तर होता त्याहून मोठा डाग बसे. हे करताना पडद्यावर रंगांचे भोवरे उठत, आणि पाहायला आळी जमे ती वेगळीच. संचाचे मागचे झाकण मात्र उघडावे लागत नसे, आणि ते बरेच होते. आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात व संच बंद केल्यावरही ट्यूबमध्ये ते काही काळ मुरून राहतात.

डाग पुसला आणि चार दिवसांत पुन्हा आला, तर दोष बहुधा त्या पीटीसीचा. तो ट्यूबच्या मानाने अगदी किरकोळ किमतीचा. इथेच मेकॅनिकच्या सचोटीची परीक्षा होई. क्वचित चुंबक इतके जबर असे की आतला पत्राच वाकलेला असे. त्याला वेटोळ्याचा इलाज नव्हता. तिथे मात्र ‘ट्यूब गेली’ हे निदान खरे ठरे.

सपाट पडद्यांच्या संचांत ना झोत, ना जाळीचा पत्रा. चुंबक फिरवून त्यांवर असा डाग पडत नाही. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपकही आता बंद झाले आहेत. अलिबागेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आजही घेतल्या जातात.