हर्णैचे विद्यार्थी

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो, तेव्हा मराठी येणाऱ्या माणसालाही पहिली काही मिनिटं नुसते आकडे ऐकू येतात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, पायाखाली ओली वाळू आणि कानावर कोळणींचा गलका. मी वडोदऱ्यात वाढले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर इथे आले ती एका जुन्या जोडप्यामुळे. हे दोघं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर मराठी शिकायला येऊन राहिले होते.

जॉन विल्सन आणि मार्गरेट बेन. लग्न स्कॉटलंडात १८२८ मध्ये, मुंबईत पाऊल फेब्रुवारी १८२९ मध्ये. त्यांना धाडणाऱ्या स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं काम कोकणात बाणकोट-हर्णै भागात आधीपासून चाललं होतं. धर्मप्रसाराचं काम पुढे मुंबईत करायचं, पण आधी भाषा. म्हणून दोघांची रवानगी हर्णैला झाली. पेशवाई बुडून तेव्हा अकराच वर्षं झाली होती.

शिकायचं कशावरून, हा प्रश्न मला अनुवादक म्हणून आधी पडतो. मोल्सवर्थचा कोश यायला अजून दोन वर्षं होती. विल्यम कॅरीचं व्याकरण १८०५ चं आणि कोश १८१० चा, तोही मोडी लिपीत. दोन्ही छापले गेले बंगालमधल्या श्रीरामपूरला, पंडित वैजनाथ यांच्या मदतीने. म्हणजे मराठीची ही सुरुवातीची छापील हत्यारं हुगळीच्या काठी घडली! व्हान्स केनेडीचा कोश १८२४ चा. आणि गंमत अशी की शास्त्रीमंडळाच्या ‘महाराष्ट्र भाषेच्या कोशा’चा पहिला भाग मुंबईत याच १८२९ साली निघाला. त्यावर जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्यांची नावं आहेत. मोल्सवर्थसाठी शब्द गोळा करणाऱ्या ब्राह्मणांची नावं मात्र त्याच्या कोशाच्या मुखपृष्ठावर नाहीत. तिथे मोल्सवर्थ आणि कॅंडीबंधू, बस्स.

विल्सनने वर्ष संपायच्या आत मराठीत उपदेश करायला सुरुवात केली. मला त्याच्या वेगाचं कौतुक वाटतं आणि थोडी धास्तीही. इतक्या घाईने भाषा शिकायची ती कशासाठी? पुढच्या दीड-दोन वर्षांत मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपल्या धर्माची बाजू मराठीत छापून मांडली आणि विल्सनने १८३२ मध्ये तिच्या खंडनाचं पुस्तक काढलं. समोरच्याचं म्हणणं खोडण्यासाठी ते त्याच्याच भाषेत नेमकं समजून घ्यावं लागतं. हा खटाटोप अनुवादकाच्या कामासारखाच आहे. हेतू उलटा असला तरी मेहनत तीच, हे कबूल करताना मला अवघडायला होतं.

मार्गरेटची मराठी दुसऱ्याच वाटेने गेली. तिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपला उगम १८३२ पर्यंत, तिच्यापर्यंत नेते. वाद घालायला लागणारी मराठी वेगळी, आणि सात-आठ वर्षांच्या पोरीला उद्याही शाळेत ये म्हणून समजावायला लागणारी वेगळी. ही दुसरी भाषा पुस्तकात कमी, ओट्यावर जास्त सापडते. ती १८३५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतच वारली, चाळिशीही न गाठता. तीन वर्षांनी विल्सनने तिचं चरित्र काढलं, त्यात तिच्या पत्रांतले आणि रोजनिशीतले उतारे आहेत. मार्गरेट आपल्याला भेटते ती अशी इंग्रजीत आणि नवऱ्याने निवडलेली. पोरींशी ती जे बोलली ते कुणी उतरून घेतलं नाही.

हे मला इतकं का लागतं, त्याला घरचं कारण आहे. लग्नानंतर आम्ही दोघं पाच वर्षं कोलकात्यात होतो. बांगला मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकले, नवरा मासळीबाजारातून. माझी बांगला ऐकून लोक मला शाबासकी देत, त्याची ऐकून त्याला भाव सांगत. अनुवाद मी केले, छापून नाव माझं आलं. पण शेजारच्या माशीमा आजारी पडल्या तेव्हा रात्री हाक आली ती त्याला.

विल्सनची हर्णैतली शिदोरी मात्र पुष्कळ लांबवर पुरली. तो गुजराती, हिंदुस्तानी, फारसी, संस्कृतात शिरला, लेणी पाहत फिरला. मुंबईत १८४८ मध्ये लेण्यांच्या नोंदींसाठी आयोग नेमला गेला तेव्हा अध्यक्ष तोच. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल प्रिन्सेपपर्यंत पोहोचली, त्यातही त्याचा हात होता. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तिच्या सुरुवातीला मराठीची घडण, तिचा प्रसार आणि वापर यांवर लांबलचक टिपण आहे, तेही विल्सनचं. पुस्तकांची इतकी चणचण असताना मराठी गिरवायला लागलेला हा माणूस अठ्ठावीस वर्षांनी तिच्या सर्वांत मोठ्या कोशाच्या दारात उभा राहून येणाऱ्याला भाषेची ओळख करून देतो. कोश माझ्या टेबलावर कायम असतो. ते टिपण मी मुंबई विद्यापीठाच्या या एकेकाळच्या कुलगुरूचं म्हणून वाचत असे. आता त्यातल्या प्रत्येक पानाशी मला मार्गरेट आठवते. एकाच गावी, एकाच वर्षी, दोघांनी धडे एकत्र गिरवले होते.

लिलाव संपत आला तसा नवरा पुढे सरकला. त्याने एका कोळणीला बोटांनी दोन पापलेटं दाखवली, तिने आकडा फेकला, त्याने मान हलवली, तिने हसून एक बांगडा वर टाकला. मग मी पुढे झाले आणि सुरमईचा भाव चांगल्या शुद्ध मराठीत विचारला. तिने हातातली टोपली खाली ठेवली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “तुम्ही कुठच्या वो, ताई?”