एका रुपयाला एक आणा: घरखर्च वाचवायचा मुंबईचा जुना हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' थोडे कमी केलेत.

घरखर्च कसा वाचवायचा यावर रील्स भरपूर आहेत. बाहेरची कॉफी बंद करा, लाइट बंद करा, सबस्क्रिप्शन बंद करा. सगळं 'बंद करा'. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत असे लाखो लोक राहत होते ज्यांच्याकडे बंद करण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्यांनी खर्च वाचवला. कसा, ते आज बघू.

सुरुवात एका सरकारी अहवालापासून. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास नावाचे अधिकारी होते, त्यांचा अहवाल १९२३ साली आला. २,४७३ कुटुंबं आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष, एवढ्यांचे महिन्याचे हिशोब त्यात आहेत. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिन्याला साधारण ५२ रुपये. खर्चातला जवळजवळ ५७ टक्के भाग अन्नावर, भाड्यावर ८ टक्क्यांच्या आत. भाडं कमी वाटतंय? कारण जवळपास सगळी कुटुंबं एका खोलीत राहत होती. वन आरके पण नाही, नुसता 'वन आर'.

आता यातली खरी गोष्ट. निम्म्याच्या आसपास कुटुंबं कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किती गोड ना? एक आणा फक्त! पण १६ आण्यांचा एक रुपया. म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला ७५ टक्के. समजा डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे, तर महिन्याचं व्याज ६ रुपये ४ आणे. घराच्या भाड्यापेक्षा जास्त! आजही 'दिवसाला फक्त इतके रुपये' असं लिहिलेली लोनची जाहिरात दिसली की मला हा आणा आठवतो.

कर्ज का व्हायचं? दारू, लग्न, सण, असं तेव्हाचे साहेब लोक म्हणायचे. काही प्रमाणात असेलही. पण एक कारण अगदी कोरडं, अकाउंट्स डिपार्टमेंटमधलं होतं. गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. म्हणजे गावाहून नवीन आलेल्या माणसाला पहिला पैसा दिसायला दीड महिना. तोवर खायचं काय? वाण्याकडे वही. पगार वेळेत देण्याचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडलं: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जास्त असतील तर १० तारखेच्या आत. तुमच्या-माझ्या पगाराची तारीख आली नाही की आपण जे हक्काने चिडतो, त्यामागे हे सगळं आहे.

आणि एकदा वहीत नाव लागलं की दुकान बदलता येत नाही. भाव विचारता येत नाही. वजनाबद्दल बोलता येत नाही. तेल पावशेर, तांदूळ रोजच्या रोज, म्हणजे किरकोळीतलं किरकोळ. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच वस्तू महाग पडते. मग गिरणगावातल्या लोकांनी काय केलं? कमी खाल्लं नाही, कारण त्यापेक्षा कमी खाणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकत्र खायला, एकत्र राहायला, एकत्र पैसे ठेवायला सुरुवात केली.

गावकऱ्यांच्या खोल्या ऐकल्या असतील. एकेका गावच्या मंडळींनी परळ-लालबागला खोली घ्यायची. दहा-बारा, कधी त्याहून जास्त पुरुष, पण पाळ्या वेगवेगळ्या. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. गोवेकरांच्या 'कुडी' तशाच, धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला. प्रत्येक गावाची वेगळी कूड, तिथे बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी अगदी थोड्या पैशांत राहायचे. काही कुडी आजही आहेत.

आणि भिशी. हा शब्द गंमतीदार आहे. आपल्याला भिशी म्हटलं की आई आणि तिच्या मैत्रिणींचा किटीसारखा कार्यक्रम आठवतो. पण गिरणगावात एकत्र जेवणाच्या व्यवस्थेलाही भिशी म्हणत. पैशांच्या भिशीचा हिशोब तर सॉफ्टवेअरवाल्याला आवडेल इतका स्वच्छ आहे. बारा जण, दर महिन्याला प्रत्येकी ५००, जमले ६,०००. दर महिन्याला एकाला सगळे. पहिल्याला ६,००० चं बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटच्याची सक्तीची बचत झाली. व्याज शून्य. सावकार ७५ टक्के. कागद नाही, ॲप नाही, फक्त ओळख. अर्थात पहिल्यानेच नंबर लागल्यावर गाव सोडलं तर सिस्टीम कोसळते, म्हणून भिशीत माणसं पारखून घेतात. तोच तिचा क्रेडिट स्कोअर.

खरेदीचं काय? इथे जरा लांब जावं लागेल, इंग्लंडमध्ये. रॉचडेल नावाचं कापडगिरण्यांचं गाव, म्हणजे आपल्या गिरणगावाचं थोरलं भावंडच. तिथेही उधारीची दुकानं, पिठात भेसळ. १८४४ च्या डिसेंबरमध्ये २८ जणांनी मिळून एक दुकान उघडलं. माल किती? लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. बस्स. नियम मात्र कडक: शुद्ध माल, बरोबर वजन, आणि उधारी बंद. नफा झाला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आजच्या कॅशबॅकसारखं वाटेल, पण फरक मोठा आहे. तिथे गिऱ्हाईकच मालक होता.

ही कल्पना आपल्याकडे आली. १९०४ मध्ये मद्रासला ट्रिप्लिकेनमध्ये अशी संस्था उभी राहिली, १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांशिवाय इतर सहकारी संस्थांनाही मान्यता मिळाली. मुंबईत १९४३ पासून रेशनिंग आलं, रांगा आल्या, काळाबाजार आला. आणि १९४८ साली नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, एक ग्राहक संस्था सुरू झाली. तिचं पुढचं नाव तुम्हाला माहीत आहे: अपना बाजार. 'माझी आजी अपना बाजारमधूनच सामान आणायची' हे वाक्य दादर-परळच्या निम्म्या घरांत ऐकू येतं. ते मॉल नव्हते, रॉचडेलची नातवंडं होती.

मग १९७२. महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ. तेल, रॉकेल, धान्य, सगळ्याचे भाव वर. मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, एरवी व्यासपीठावर एकमेकींशी भांडल्या असत्या अशा एकत्र. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात, मला ते पटत नाही. घरखर्च ही 'बायकांनी काटकसर करून भागवायची' गोष्ट नसून सरकारला जाब विचारायची गोष्ट आहे, हे त्या लाटण्यांनी सांगितलं. १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई दोघी लोकसभेवर निवडून गेल्या.

या सगळ्या तापलेल्या काळात १९७५ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. एकाच शहरात, पण दोन टोकांना.

पहिली, मुंबई ग्राहक पंचायत. बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक चळवळीतून आलेली. संस्थापकांमध्ये सुधीर फडके, हो, आपले बाबूजीच. पद्धत अशी: शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा. महिन्याच्या सामानाची यादी आधीच भरून द्यायची. हजारो घरांच्या याद्या एकत्र झाल्या की किती तूरडाळ, किती साबण हे नेमकं कळतं, तेवढंच घाऊक घ्यायचं. माल संघातल्या एका घरी उतरतो, सगळ्यांनी जाऊन वाटून घ्यायचा. दुकान नाही, शोकेस नाही, पडून राहिलेला माल नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रिअल टाइम नाही, बॅच प्रोसेसिंग. आणि महिनाभराची यादी लिहायला बसलं की अर्ध्या गोष्टी आपोआप गळतात, कारण पुढ्यात वस्तू नसते, फक्त कोरा कागद असतो.

दहा मिनिटांत डिलिव्हरी देणारं ॲप याच्या अगदी उलट चालतं. पुन्हा पावशेर तेल, पुन्हा रोजच्या रोज. वाण्याची वही खिशात आली, 'पे लेटर'सकट.

पण थांबा, पंचायतीची बचत फुकट नव्हती. माल वाटायचा, पैसे जमवायचे, कुणाची हळद कुणाकडे गेली ते निस्तरायचं, हे काम कुणीतरी करायचं. बहुतेक ठिकाणी ते बायकांनी केलं, बिनपगारी. वाचलेल्या रुपयात त्यांचे तास आहेत, आणि त्या तासांची नोंद हिशोबात कुठेच नसते.

दुसरी गोष्ट नेमकी इथे येते. एकट्या कामगाराला स्वस्त जेवण मिळायचं ते खाणावळीत. खाणावळ म्हणजे कुणा कामगाराच्या बायकोने, बहुतेकदा कर्त्या माणसाची नोकरी गेलेल्या घरातल्या बाईने, आपल्याच एका खोलीत दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करायचा. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे गिरणी कामगाराचे पैसे थकवणार, कामगार मावशीचे, आणि मावशी वाण्याची वही भरणार. साखळीच्या शेवटी जिचं मंगळसूत्र गहाण पडायचं, ती पहाटे चारला उठून भाकऱ्या थापत होती. शहराचं सगळ्यात स्वस्त ताट तिच्या व्याजावर चाललं होतं. संप झाला की कामगार जेवत राहायचे आणि उधारी वाढत जायची.

गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगारांमध्ये काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशा १४ बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, त्यामुळे गरिबांना कर्ज द्या असं सरकारी बँकेला तरी म्हणता येत होतं. तारण काय? काहीच नाही. बायकांचा गट हीच एकमेकींची हमी. म्हणजे भिशीचंच तर्कशास्त्र, फक्त या वेळी बँकेच्या कागदावर. त्या कर्जामुळे किराणा रोखीने भरता येऊ लागला आणि वाण्याच्या वहीतून सुटका झाली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हजारो गावाला गेले, आणि पुष्कळ जण परत आलेच नाहीत. खाणावळींच्या वहीतली बरीच नावं तशीच राहिली. अन्नपूर्णाच्या बायका मग केटरिंगकडे वळल्या. परळच्या गिरण्यांच्या जागी आज काचेची ऑफिसं आहेत.